एकच औषध, दोन उलटे निकाल: गंभीर न्यूमोनियावरचं संशोधन कसं वाचायचं?

गंभीर न्यूमोनियाच्या रुग्णांना हायड्रोकॉर्टिसोन नावाचं स्टेरॉइड द्यावं का? २०२३ साली फ्रान्समधल्या एका चाचणीने ठामपणे सांगितलं, द्या. मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. २०२५ साली एका आंतरराष्ट्रीय चाचणीचा निकाल आला. औषध तेच, दिवसाला २०० मिलिग्रॅमचा डोसही तोच. तिथे स्टेरॉइड मिळालेल्या गटात मृत्यू कमी तर झाले नाहीतच, उलट थोडे जास्त निघाले. दोन्ही चाचण्या अनुभवी संशोधकांनी केलेल्या, दोन्ही नावाजलेल्या नियतकालिकांत छापून आलेल्या. मग खरं कोणाचं मानायचं?

मला वाटतं, घोटाळा प्रश्नातच आहे. ‘न्यूमोनियात हे औषध चालतं का’ असं न विचारता ‘कुठल्या न्यूमोनियात, कोणत्या रुग्णाला, आजाराच्या कोणत्या टप्प्यावर’ असं विचारलं, की बराच गुंता सुटतो. पण त्यासाठी आधी छातीत काय घडतं ते बघायला हवं.

आपल्या फुफ्फुसांत सुमारे ३० ते ५० कोटी वायुकोश असतात. त्यांच्या भिंती इतक्या पातळ, की हवेतला ऑक्सिजन सहज पलीकडच्या रक्तात उतरतो. न्यूमोनियात या वायुकोशांमध्ये पाणी, पू आणि पांढऱ्या पेशींचा गाळ साचतो. एक्स-रेमध्ये पांढरा डाग दिसतो तो हाच. आता त्या भागातून रक्त वाहतं, पण ऑक्सिजन न घेताच परत फिरतं. म्हणूनच कधीकधी नाकाला ऑक्सिजनची नळी लावूनही बोटावरच्या यंत्रातला आकडा वर सरकत नाही: हवा जिथे पोचायला हवी तिथे वाटच बंद असते.

हे झालं जंतूंचं काम. पण आयसीयूत पोचलेल्या बऱ्याच रुग्णांचं नुकसान त्यांच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीनेही केलेलं असतं. जंतूंशी लढायला आलेल्या पेशी जी रसायनं सोडतात त्यांनी रक्तवाहिन्या पाझरू लागतात, संसर्ग नसलेल्या भागातही पाणी भरतं, रक्तदाब कोसळतो, मूत्रपिंडं मंदावतात. एका रुग्णात जंतूंचा जोर जास्त असतो, दुसऱ्यात या प्रतिकाराच्या अतिरेकाचा, म्हणजे दाहाचा. बाहेरून दोघंही सारखेच दिसतात: धाप, ताप, पांढरा एक्स-रे. पुढच्या सगळ्या वादांचं मूळ इथे आहे.

‘गंभीर’ कोणाला म्हणायचं?

ही शब्दांची कसरत नाही. चाचणीत कोण शिरणार आणि कोण बाहेर राहणार हे या व्याख्येवर ठरतं. दोन पद्धती जास्त वापरात आहेत. पहिली ‘कर्ब-६५’, २००३ साली मांडलेली. त्यात पाच गोष्टी बघतात: रुग्ण गोंधळलेला आहे का, रक्तातलं युरिया वाढलंय का, श्वासाचा वेग मिनिटाला ३० किंवा जास्त आहे का, रक्तदाब घसरलाय का आणि वय ६५ किंवा जास्त आहे का. प्रत्येकाला एक गुण. झटपट होते, प्रयोगशाळेतली एकच तपासणी लागते. पण हिचा मूळ हेतू रुग्णाला घरी पाठवायचं की दाखल करायचं हे ठरवण्याचा. तिशीतला माणूस धापा टाकत असला, ऑक्सिजन घसरत असला, तरी या मोजपट्टीवर त्याला एखादाच गुण मिळू शकतो. कारण ऑक्सिजन त्यात मोजलेलाच नाही आणि वयाचा गुण त्याला मिळत नाही.

दुसरी व्याख्या अमेरिकेतल्या छातीरोग आणि संसर्गरोग तज्ज्ञांच्या संघटनांनी २००७ साली केली. व्हेंटिलेटर लागला, किंवा रक्तदाब टिकवायला औषधाचं ड्रिप लागलं, तर एवढ्यावरच न्यूमोनिया गंभीर. हे दोन्ही नसेल, तर दुय्यम निकषांपैकी तीन जुळावे लागतात: श्वासाचा वाढलेला वेग, ऑक्सिजनची कमतरता, फुफ्फुसाच्या अनेक भागांत डाग, गोंधळलेपण, ४,००० च्या खाली गेलेल्या पांढऱ्या पेशी, लाखाच्या खाली गेलेल्या प्लेटलेट आणि असे आणखी काही. यात एक निकष मला फार बोलका वाटतो: शरीराचं तापमान ३६ अंशांच्या खाली जाणं. ताप उतरला म्हणून घरचे हुश्श करतात, पण गंभीर संसर्गात अंग थंड पडणं हे शरीर हरत चालल्याचं लक्षण असू शकतं.

जंतू सापडतच नाही

अमेरिकेच्या सीडीसी या संस्थेचा एक मोठा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. न्यूमोनियामुळे रुग्णालयात दाखल झालेले, एक्स-रेवर निदान झालेले २,२५९ प्रौढ. रक्त, लघवी, कफ, नाक-घशाचे स्वॅब असं सगळं तपासलं. जंतू सापडला ३८ टक्के रुग्णांत. उरलेल्या ६२ टक्क्यांत काहीच हाती लागलं नाही. सापडले त्यांतही विषाणू जिवाणूंच्या दुप्पट होते: एकूण रुग्णांपैकी २३ टक्क्यांत विषाणू, ११ टक्क्यांत जिवाणू, ३ टक्क्यांत दोन्ही. अँटिबायोटिक मात्र विषाणूवर काही करत नाही.

इतकी वाईट स्थिती का? नमुना जिथून हवा तिथून मिळत नाही म्हणून. न्यूमोनिया वायुकोशांत असतो आणि थुंकी येते तोंडातून, वाटेत घशातल्या नेहमीच्या जंतूंना सोबत घेऊन. रक्तात जंतू उतरलाच तर ब्लड कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीत, दिसतो, पण रुग्णालयात दाखल झालेल्या न्यूमोनियाच्या रुग्णांत असं क्वचितच होतं. शिवाय कल्चरच्या आधी अँटिबायोटिकचा एखादा डोस गेला असेल, तर उरलीसुरली आशाही जाते.

व्हेंटिलेटरवरच्या रुग्णात एक सोय असते. दुर्बिणीची बारीक नळी थेट आजारी भागात नेऊन तिथे थोडं सलाईन सोडायचं आणि ते परत ओढून घ्यायचं. या धुवणात जिवाणूंची मोजणी होते. साधारणपणे मिलिलिटरमागे १०,००० च्या वर वसाहती उगवल्या तर तो खरा संसर्ग, त्याखाली नुसते वस्तीला आलेले जंतू, असा संकेत आहे.

हे इतकं तर्कशुद्ध वाटतं, की त्याने जीव वाचत असतील असं आपण गृहीत धरू. २००० साली ४१३ रुग्णांवरची एक फ्रेंच चाचणी तसंच म्हणाली; दुर्बिणीने नमुना घेतलेल्या गटात १४ दिवसांतले मृत्यू कमी होते. २००६ साली कॅनडातल्या संशोधकांनी ७४० रुग्णांवर हाच प्रश्न तपासला आणि साध्या नळीने ओढलेला स्राव आणि दुर्बिणीचं धुवण यांत काहीच फरक दिसला नाही. दोन्हीकडे २८ दिवसांत साधारण १९ टक्के मृत्यू. पण कॅनडाच्या चाचणीत स्यूडोमोनास आणि एमआरएसए हे चिवट जंतू अंगावर असल्याचं आधीच ठाऊक असलेले रुग्ण घेतलेच नव्हते. म्हणजे ज्यांच्यात अचूक निदानाचा सगळ्यात जास्त उपयोग व्हावा, तेच बाहेर. निकाल खोटा नव्हता, पण तो वेगळ्या रुग्णांबद्दल होता.

आता पीसीआर पॅनेल आले आहेत. कल्चरला दोन-तीन दिवस लागतात. हे यंत्र काही तासांत जंतूच्या जनुकांवरून नाव सांगतं आणि जंतूला औषधाला दाद न देण्याची ताकद देणारी काही जनुकंही दाखवतं. मर्यादा दोन. यादीत नसलेला जंतू त्याला दिसत नाही, आणि मेलेल्या जंतूचं जनुकही त्याला दिसतं. ब्रिटनमधल्या ‘इनहेल’ चाचणीत रुग्णालयात झालेल्या न्यूमोनियासाठी हे पॅनेल आयसीयूत वापरून बघितलं. अँटिबायोटिकची निवड अधिक नेमकी झाली, पण रुग्ण बरे होण्याचं प्रमाण नेहमीच्या पद्धतीइतकंच राहतं हे काही सिद्ध करता आलं नाही. लवकर मिळालेलं उत्तर आणि रुग्णाचं भलं यांत एक माणूस उभा असतो, त्या उत्तराचं काय करायचं हे ठरवणारा. यंत्राच्या जाहिरातीत तो नसतो.

प्रोकॅल्सिटोनिन या रक्ततपासणीबद्दल थोडक्यात: जिवाणूंच्या संसर्गात ते वाढतं हे खरं, पण ते कमी आलं म्हणून गंभीर रुग्णाचं अँटिबायोटिक सुरूच करू नये इतका त्यावर भरवसा ठेवता येत नाही. सुरू केलेलं औषध कधी थांबवायचं हे ठरवायला ते जास्त कामाचं.

औषध फुफ्फुसात पोचलं तरी

अँटिबायोटिकच्या इतिहासातली एक गोष्ट मला नेहमी सांगाविशी वाटते. डॅप्टोमायसिन हे एमआरएसएवर प्रभावी औषध. त्वचेच्या आणि रक्तातल्या संसर्गात उत्तम चालतं. न्यूमोनियातही चालेल या अपेक्षेने चाचण्या घेतल्या आणि ते अपयशी ठरलं. कारण शोधलं तेव्हा कळलं, की वायुकोश मिटू नयेत म्हणून शरीर आतून जो सर्फॅक्टंटचा थर देतं, तोच या औषधाला पकडून निकामी करतो. प्रयोगशाळेच्या बशीत जंतू मरत होता, रक्तात मरत होता, फक्त फुफ्फुसात मरत नव्हता. प्रत्यक्ष रुग्णांवर चाचणी घेतल्याशिवाय औषध का वापरू नये, याचं याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही.

किती दिवस द्यायचं हा प्रश्न त्या मानाने लवकर मिटला. २००३ साली फ्रान्समध्ये व्हेंटिलेटरमुळे न्यूमोनिया झालेल्या ४०१ रुग्णांत ८ दिवस आणि १५ दिवस यांची तुलना झाली आणि मृत्यूंत फरक आढळला नाही.

आता स्टेरॉइड

कल्पना सरळ आहे. दाह जास्त झाल्याने नुकसान होत असेल, तर दाह दाबा. धोकाही तितकाच सरळ आहे: दाह दाबला की जंतूंना मोकळं रान मिळू शकतं, साखर चढते, दुसरा संसर्ग होऊ शकतो.

२०१५ साली स्पेनमधल्या संशोधकांनी एक हुशारी केली. त्यांनी सरसकट सगळे रुग्ण घेतलेच नाहीत. ज्यांच्या रक्तात सीआरपी हे दाहाचं मोजमाप १५० च्या वर होतं असेच १२० रुग्ण घेतले. उपचार फसण्याचं प्रमाण स्टेरॉइड गटात १३ टक्के, डमी औषधाच्या गटात ३१ टक्के. चाचणी लहान होती आणि मृत्यूंबद्दल तिला ठामपणे काही सांगता आलं नाही, पण रुग्ण निवडून घेण्याची दिशा दिसली.

मग कोविड आला. ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीने जून २०२० मध्ये डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा निकाल जाहीर केला. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत मृत्यू ४१.४ वरून २९.३ टक्क्यांवर. ऑक्सिजनवर असलेल्यांत फायदा, पण कमी. आणि ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती त्यांच्यात स्टेरॉइड मिळालेल्यांचे मृत्यू १७.८ टक्के, न मिळालेल्यांचे १४. हा शेवटचा फरक योगायोगाचाही असू शकतो, पण फायद्याचा मागमूस तिथे नव्हता. एकच विषाणू, एकच गोळी, आणि रुग्ण कुठल्या टप्प्यावर आहे त्यावर उत्तर बदलतं. घरच्या घरी तापाच्या पहिल्या दिवसापासून स्टेरॉइड घेणाऱ्यांनी हे आकडे बघितले असते तर बरं झालं असतं.

कोविड नसलेल्या न्यूमोनियाची गोष्ट मात्र वाकडीतिकडी गेली. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झालेली ‘एस्केप’ चाचणी २०२२ मध्ये छापली गेली: ५८४ रुग्ण, मेथिलप्रेडनिसोलोन, ६० दिवसांतले मृत्यू १६ टक्के विरुद्ध १८ टक्के. फरक नाही म्हणण्याजोगाच. पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या ३१ आयसीयूंमधली ‘केप कॉड’ आली. सुमारे ८०० रुग्ण, हायड्रोकॉर्टिसोन, २८ दिवसांतले मृत्यू ६.२ टक्के विरुद्ध ११.९ टक्के. सुरुवातीला उल्लेख केला ती हीच.

दोघींत फरक काय? केप कॉडमध्ये औषध लवकर सुरू झालं, रुग्ण गंभीर झाल्यापासून २४ तासांच्या आत. एस्केपमध्ये त्याहून बराच उशीर चालत होता. केप कॉडने फ्लूचे रुग्ण घेतले नव्हते आणि सुरुवातीलाच शॉकमध्ये असलेले, म्हणजे संसर्गाने रक्तदाब कोसळलेले, रुग्णही वगळले होते. एस्केपमध्ये जवळजवळ सगळे पुरुष. औषधाचं कूळ एकच, पण रेणू वेगळा.

आणि २०२५ चा तो उलटा निकाल? ती ‘रिमॅप-कॅप’ चाचणी. तिथे ९० दिवसांत हायड्रोकॉर्टिसोन गटातले ५२१ पैकी ७८ रुग्ण दगावले, म्हणजे १५ टक्के. स्टेरॉइड न मिळालेल्या गटात १२२ पैकी १२, म्हणजे ९.८ टक्के. आता १२ हा आकडा नीट बघा. त्या छोट्या गटात आणखी चारच मृत्यू झाले असते, तर टक्का १३ च्या वर गेला असता आणि बातमीचा सूर बदलला असता. म्हणून या चाचणीवरून ‘स्टेरॉइड मारतं’ असं म्हणता येत नाही. ‘केप कॉडइतका मोठा फायदा सगळ्यांना होईल असं धरून चालू नका’ एवढंच म्हणता येतं. शिवाय केप कॉडमध्ये कोणाला खरं औषध आणि कोणाला डमी हे डॉक्टरांनाही माहीत नव्हतं. रिमॅप-कॅपमध्ये ते सगळ्यांना दिसत होतं.

त्याच वर्षी केनियातल्या रुग्णालयांमध्ये २,००० हून जास्त रुग्णांवर झालेल्या चाचणीत कमी डोसच्या स्टेरॉइडने मृत्यू थोडे कमी झाल्याचं आढळलं. तिथे बहुतेकांना आयसीयू मिळालेलंच नव्हतं. म्हणजे ही पुन्हा वेगळ्या रुग्णांची, वेगळ्या परिस्थितीची गोष्ट.

युरोपातल्या तज्ज्ञ संघटनांच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचना न्यूमोनियासोबत शॉक असेल तर स्टेरॉइड द्यावं असं सुचवतात. केप कॉडने तर शॉकचे रुग्ण सुरुवातीला घेतलेच नव्हते! यात विसंगती वाटते, पण सूचना तयार झाल्या तेव्हा केप कॉडचा निकाल हाती नव्हता. आज बरेच डॉक्टर गंभीर जिवाणू न्यूमोनियात, फ्लू नाही याची खात्री करून, लवकर हायड्रोकॉर्टिसोन सुरू करतात, आणि काही जण अजून थांबून आहेत. दोघांकडेही कारणं आहेत.

श्वासाचं यंत्र

व्हेंटिलेटरने जीव वाचतो आणि फुफ्फुस फाटतंही. २००० साली ८६१ रुग्णांवर झालेल्या अमेरिकन चाचणीत प्रत्येक श्वासाला, उंचीवरून काढलेल्या अंदाजे वजनाच्या किलोमागे, १२ मिलिलिटर हवा देण्याऐवजी ६ मिलिलिटर दिली आणि मृत्यू ३९.८ वरून ३१ टक्क्यांवर आले. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही, फक्त बटण कमीवर. २०१३ साली दाखवलं गेलं, की फुफ्फुसं अतिशय निकामी झालेल्या रुग्णांना सलग १६ तास किंवा जास्त पालथं ठेवलं तर २८ दिवसांतले मृत्यू ३२.८ वरून १६ टक्के होतात. पाठीकडचे दबलेले वायुकोश मोकळे होतात, हे त्यामागचं एक कारण.

मुलांच्या बाबतीत एक जोडी मुद्दाम सांगतो. बांगलादेशात गंभीर न्यूमोनियाच्या २२५ मुलांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये छापलेल्या चाचणीत ‘बबल सीपॅप’ वापरलं. नाकातून ऑक्सिजन द्यायचा आणि बाहेर पडणाऱ्या हवेची नळी पाण्याच्या बाटलीत बुडवायची. पाण्याच्या खोलीइतका दाब फुफ्फुसात टिकून राहतो. स्वस्त आणि साधं. मृत्यू ४ टक्के, नेहमीच्या ऑक्सिजनवर १५ टक्के. चार वर्षांनी मलावीतल्या एका जिल्हा रुग्णालयातून ६४४ मुलांचा निकाल आला: सीपॅपवर १७ टक्के मृत्यू, साध्या ऑक्सिजनवर ११ टक्के. मलावीतली बरीच मुलं एचआयव्ही किंवा कुपोषणासारख्या आधीच्या अडचणी घेऊन आलेली होती, आणि वॉर्डात डॉक्टरांची सतत देखरेख नव्हती. बाटली आणि नळी घेऊन जाता येते, पण बांगलादेशातले डॉक्टर आणि नर्स सोबत नेता येत नाहीत.

रुग्ण आधी ओळखायचा

गेल्या दहा वर्षांत संशोधकांनी चाचणीची घडणच बदलायला घेतली आहे. २०१६ मध्ये सुरू झालेली रिमॅप-कॅप ही कायम चालू राहणारी चाचणी आहे: एका औषधाचा निकाल लागला की ते बाहेर, दुसरं आत, आणि चांगलं चालतंय असं दिसणाऱ्या उपचाराकडे नंतरच्या रुग्णांना जास्त प्रमाणात वळवता येतं. यामुळेच कोविड आला तेव्हा ती तयार होती. याच रचनेचा दुष्परिणाम म्हणजे काही गट १२२ सारखे लहान राहतात.

दुसरी दिशा मला जास्त आशादायक वाटते. फुफ्फुसं निकामी झालेल्या रुग्णांच्या जुन्या चाचण्यांचे रक्तनमुने पुन्हा तपासले तेव्हा त्यांत दोन गट स्पष्ट दिसले: एक प्रचंड दाहाचा, एक कमी दाहाचा. सिम्वास्टॅटिन हे कोलेस्टेरॉलचं औषध सगळ्यांना मिळून दिलं तेव्हा निरुपयोगी ठरलं होतं. २०१८ साली त्याच चाचणीतले आकडे या दोन गटांत वेगळे करून बघितले, तर जास्त दाहाच्या गटात ते घेतलेले रुग्ण अधिक संख्येने जगल्याचं आढळलं. मागाहून काढलेला निष्कर्ष म्हणून तो पुरावा नाही. म्हणून आता खाटेजवळच रक्त तपासून रुग्ण कुठल्या गटातला हे आधी ठरवायचं, आणि मगच कोणाला कुठलं औषध याची चिठ्ठी टाकायची, अशा चाचण्या उभ्या राहत आहेत.